उपयुक्ततावाद आणि त्याचे विरोधक

एखादं कृत्य बरोबर की चूक हे त्याच्या परिणामावरून ठरवायचं, म्हणजे त्यातून किती जणांना किती सुख मिळालं आणि किती दुःख झालं हे बघायचं, या विचाराला उपयुक्ततावाद म्हणतात. करणाऱ्याच्या मनात काय होतं, धर्मग्रंथात काय लिहिलंय, हे सगळं नंतर. इंग्लंडात जेरेमी बेंथमने (१७४८–१८३२) तो पद्धतशीर मांडला. त्याचं मुख्य पुस्तक १७८९ साली आलं, त्यात सुख मोजायचे ७ निकष आहेत: तीव्रता, टिकण्याचा काळ, खात्री, किती लवकर मिळेल, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का, दुःखाची भेसळ किती आणि किती लोकांपर्यंत पोचेल. बेंथम मुळात कायद्याचा माणूस. शिक्षा हेसुद्धा दुःखच आहे, तिने त्याहून मोठं दुःख टळत नसेल तर ती देऊच नये असं तो सरळ म्हणतो, आणि तेव्हा तिकडे दुकानातल्या चोरीलाही फाशी होऊ शकायची हे ध्यानात घेतलं की या हिशोबाची खरी ताकद कळते.

जॉन स्टुअर्ट मिलने (१८०६–१८७३) पुढे सगळी सुखं एकाच प्रतीची नसतात अशी दुरुस्ती केली. आपल्याकडे आगरकरांवर मिलचा मोठा प्रभाव होता.

विरोधकांत सगळ्यात ठाम जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट. १७८५ च्या पुस्तकात तो म्हणतो की माणसाला नुसतं साधन म्हणून कधीच वापरायचं नाही, मग त्यातून कितीही जणांचं भलं होवो. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलच्या वाटेने जाणारे लोक सुटं कृत्य न बघता माणूस घडला कसा, त्याच्या अंगी कोणते गुण आहेत ते बघतात.

पण मराठी वाचकाने खरं तर टिळकांचं 'गीतारहस्य' (१९१५) उघडावं, कारण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या या ग्रंथात 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' या तत्त्वाची त्यांनी कसून तपासणी केलीय. ते विचारतात की कौरवांच्या अकरा अक्षौहिणी आणि पांडवांच्या सात, मग डोकी मोजून कौरवांची बाजू न्यायाची ठरवायची का? दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या एका शहराचं, तिथे ट्राम झाली तर लोकांची मोठीच सोय होणार होती पण सरकारी परवानगी लवकर मिळेना, म्हणून ट्राम कंपनीच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली, ट्राम सुरूही झाली, आणि पुढे प्रकरण बाहेर आल्यावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. परिणाम तर चांगलाच होता, तरी कृत्य चूकच, तेव्हा कर्त्याची बुद्धी कशी होती हे आधी बघायला हवं असं टिळकांचं म्हणणं, आणि माणसाची पारख करताना ते मला पूर्ण पटतं. कायदे किंवा सरकारी बजेट ठरवताना मात्र नुसत्या शुद्ध बुद्धीवर भागत नाही, तिथे बेंथमचा हिशोब लागतोच.

काही उपयुक्ततावादी यावर म्हणतात की प्रत्येक कृत्य सुटं मोजू नका, नियम मोजा, लाच चालू दिली तर एकूण नुकसानच जास्त. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा आक्षेप (१९७१) याहून खोल जातो: सगळ्यांच्या सुखाची एकत्र बेरीज केली की माणसं वेगवेगळी आहेत, एकाचं दुःख दुसऱ्याच्या सुखाने भरून निघत नाही, हेच सुटून जातं.

तरी हा विचार मागे पडलेला नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे लाखो निर्वासित भारतात उपाशी होते, त्यावर पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन उपयुक्ततावादी तत्त्वज्ञाचा १९७२ साली लेख आला: समोरच्या तळ्यात बुडणारं मूल कपडे खराब होतील म्हणून आपण सोडून देत नाही, मग हजारो मैलांवरचं मूल का सोडायचं?