घोषणा होताच शंका का येते? आधुनिक काळातील काळोख्या अद्भुतरम्य ऑनलाइन खेळांची पार्श्वभूमी

आजचेच जग, आजचीच शहरे, पण त्यांच्या आडोशाला पिशाच्चे, गुप्त मंडळे आणि जुने शाप वावरत आहेत, असा एखादा ऑनलाइन खेळ येणार असल्याची घोषणा झाली की कोल्हापुरात दोन प्रतिक्रिया जवळजवळ एकदमच उमटतात. कॉलेजची मुले ट्रेलर एकमेकांना पाठवू लागतात. आणि राजारामपुरीतल्या नेट कॅफेत लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर, काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ खेळून मोठी झालेली, आता नोकरीधंद्याला लागलेली मंडळी "आधी सर्व्हर कुठं हाय ते बघ, महिन्याला किती मागत्यात ते बघ" एवढे बोलून मोकळी होतात. ही शंका वय झाल्याची कुरकुर नव्हे. तिच्यामागे दोन दशकांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी 'द सीक्रेट वर्ल्ड' हा एक खेळ उभा आहे.

हजारो खेळाडू एकाच जगात एकाच वेळी वावरतात अशा खेळांचा, म्हणजे एमएमओंचा, साचा 1997च्या 'अल्टिमा ऑनलाइन'ने आणि 1999च्या 'एव्हरक्वेस्ट'ने घालून दिला, तर नोव्हेंबर 2004मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने तो इतका पक्का केला की पुढे कित्येक वर्षे तलवार, किल्ले आणि ड्रॅगन यांच्यापलीकडे पाहण्याचे धाडस फारशा कंपन्यांनी केले नाही. ऑक्टोबर 2010मध्ये या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या 1 कोटी 20 लाखांवर पोहोचली होती. त्यामुळे वेगळे काही हवे असलेल्या खेळाडूंना आधुनिक शहरात घडणाऱ्या भयकथेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. पण त्यांच्या पदरी पडले ते बहुतेक वेळा अपयशच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' करणारी ब्लिझार्ड कंपनी सोडून आलेल्या मंडळींच्या फ्लॅगशिप स्टुडिओजने 31 ऑक्टोबर 2007 रोजी 'हेलगेट: लंडन' बाजारात आणला, सैतानांनी उद्ध्वस्त केलेले 2038चे लंडन ही कल्पना दमदार होती, आणि 149.99 डॉलर एकदाच भरून आयुष्यभराची वर्गणी घेण्याची सोयही कंपनीने दिली होती. 2008च्या जुलैत कंपनी कोसळली आणि 31 जानेवारी 2009 रोजी सर्व्हर बंद झाले. 'आयुष्यभर' या शब्दाची मुदत सव्वा वर्ष निघाली.

दुसरे उदाहरण त्याहून लांबलेले आहे. 'ईव्ह ऑनलाइन' चालवणारी आइसलँडची सीसीपी ही कंपनी 2006मध्ये व्हाइट वुल्फ या प्रकाशन संस्थेशी एक झाली. व्हॅम्पायरांच्या आधुनिक जगावर, म्हणजे 'वर्ल्ड ऑफ डार्कनेस'वर, आधारलेला ऑनलाइन खेळ करणार असल्याचे तेव्हाच जाहीर झाले. खेळाडू जवळजवळ आठ वर्षे वाट पाहत राहिले. एप्रिल 2014मध्ये कंपनीने हे काम थांबवले आणि अटलांटातील 56 जणांना कामावरून कमी केले.

'द सीक्रेट वर्ल्ड'ची घोषणा 2007मधली. तो करणाऱ्या फनकॉम या नॉर्वेच्या कंपनीबद्दलचे मत तेव्हा सरळसरळ दुभंगलेले होते. दिग्दर्शक राग्नार टॉर्नक्विस्ट यांनी 1999मध्ये 'द लाँगेस्ट जर्नी' केला होता, आणि कथा सांगण्याच्या बाबतीत त्यांच्यावर लोकांचा भरवसा होता. पण त्याच कंपनीचा 'अनार्की ऑनलाइन' जून 2001मध्ये इतक्या कच्च्या अवस्थेत सुरू झाला होता की फसलेल्या आरंभाचे उदाहरण म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. मे 2008च्या 'एज ऑफ कोनन'ची पहिली वीस लेव्हल्स सुरेख होती, त्यापुढचे काम मात्र उरकलेले वाटत होते. जाहिरातीत गाजवलेले डायरेक्टएक्स 10 हे ग्राफिक्सचे तंत्र पहिल्या दिवशी खेळात नव्हतेच. म्हणजे तिसऱ्या खेळाची वाट पाहणाऱ्याला लेखकावर विश्वास होता, कंपनीवर नव्हता. माझ्या मते त्या काळातील सगळ्या उत्सुकतेचा आणि सगळ्या शंकेचा उगम याच एका भेदात आहे.

उत्सुकता वाटावी असे त्यात बरेच काही होते. खेळाडूने तीनपैकी एक गुप्त संघटना निवडायची: लंडनचे टेम्पलर, न्यूयॉर्कचे इल्युमिनाटी किंवा सोलचे ड्रॅगन. यांतील पहिल्या दोन इतिहासात खरोखरच होऊन गेल्या. इल्युमिनाटींची स्थापना 1 मे 1776 रोजी बव्हेरियात झाली होती. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची फुटबॉल मॅच शाहू स्टेडियमवर पाहिलेल्या कोल्हापूरकराला संघटनेची निष्ठा ही काय चीज असते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लेव्हलची शिडी काढून टाकलेली होती. पाचशेहून अधिक कौशल्यांतून एका वेळी सात सक्रिय (स्वतः वापरायची) आणि सात निष्क्रिय (आपोआप चालणारी) कौशल्ये निवडून आपला डाव रचायचा होता.

खरी नवलाई होती ती तपासाच्या मोहिमांत. किंग्समाउथ या धुक्यात बुडालेल्या किनारी गावातील एका सुरुवातीच्या मोहिमेत खेळाडूला रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांकडे वाकून पाहावे लागे, कारण त्यांवर इल्युमिनाटींचे चिन्ह कोरलेले असे आणि ते पुढची दिशा दाखवत असे. नकाशावर बाण नाही, हाताला धरून नेणारे कोणी नाही. अशा काही मोहिमांची उत्तरे खेळाबाहेर शोधावी लागत आणि त्यासाठी खेळातच ब्राउझर दिलेला होता. (पावसाळ्यात पन्हाळ्यावर अंधारबावीच्या पायऱ्या उतरताना हे गाव कोणाला आठवले तर नवल नाही, तिथले धुके कोणत्याही ग्राफिक्स कार्डाला भारी आहे.)

मात्र शंकाही याच गुणांतून निघत होत्या. भीतीला एकांत लागतो आणि एमएमओला गर्दी; स्मशानात आपल्याआधी वीस जण रांगेत उभे असतील, तर भुताचा धाक तो काय राहणार? फनकॉमने कथेचे महत्त्वाचे प्रसंग प्रत्येकाला एकट्याने खेळायला लावून यातून वाट काढली, पण मग हा खेळ ऑनलाइन तरी कशाला, असा उलट प्रश्न उभा राहिला. शिवाय कोडे एकदा सुटले की त्याचे उत्तर तासाभरात जगभर पसरते, आणि लिहायला महिने लागलेला मजकूर खेळाडू दोन रात्रींत संपवतो.

पैशाची बाजू कोल्हापुरातून अधिकच अवघड दिसत होती. खेळ विकत घ्यायचा आणि वर महिन्याला 14.99 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने आठशेहून अधिक रुपये, मोजायचे. विद्यार्थ्याकडे क्रेडिट कार्ड नसे आणि वडिलांचे कार्ड परदेशी कंपनीला द्यायला घरातून परवानगी नसे. बीएसएनएलच्या ज्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाऊनलोड मोफत असे, तिच्यावर कित्येक गीगाबाइटचा खेळ उतरवायचा म्हणजे कित्येक रात्रींचे काम. त्यानंतरही सर्व्हर भारतात नसल्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, चढा राहायचा तो राहायचाच.

3 जुलै 2012 रोजी खेळ प्रकाशित झाला. ऑगस्टमध्ये कंपनीने दोन लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे सांगितले. अपेक्षेपेक्षा हा आकडा कमी होता. संमिश्र परीक्षणांकडे बोट दाखवण्यात आले आणि नोकरकपात झाली. डिसेंबरमध्ये सक्तीची मासिक वर्गणी रद्द करून एकदाच किंमत घेण्याची पद्धत आली. टॉर्नक्विस्ट यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि जोएल बायलोस दिग्दर्शक झाले. जून 2017मध्ये हाच खेळ 'सीक्रेट वर्ल्ड लेजंड्स' या नावाने मोफत स्वरूपात पुन्हा मांडला गेला. त्यात जुन्या खेळाडूंना काही पोशाख वगैरे नेता आले, पण पाच वर्षे वाढवलेले पात्र जुन्या खेळातच राहिले. ज्यांनी आयुष्यभराची वर्गणी घेतली होती त्यांचे सभासदत्व नव्या खेळातही टिकले, हे मात्र कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. 'हेलगेट'च्या अनुभवानंतर तेवढ्याचीही अनेकांना खात्री नव्हती.

आजच्या कोल्हापुरी मुलाने यांतील एकही खेळ पाहिला नसला तरी त्याची शंका याच जातीची आहे. फक्त ती दुसऱ्या वाटेने आली. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने पबजी मोबाइलसह 118 ॲप्सवर बंदी घातली. त्याच्या बदली म्हणून आलेला बीजीएमआय हा खेळ जुलै 2022मध्ये स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023मध्ये परतला. यूसी हे खेळातले विकतचे चलन भरून घेतलेल्या स्किन, म्हणजे पात्राचे आणि शस्त्रांचे साज, आपल्या आहेत की भाड्याच्या, हा प्रश्न त्या काळात शाळेतल्या पोरांनाही पडला होता.

फनकॉम 2020मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीच्या मालकीची झाली. बायलोस यांच्याच दिग्दर्शनाखालील 'ड्यून: अवेकनिंग' 20 मे 2025 रोजी येणार होता, कंपनीने बीटा चाचणीनंतर तो तीन आठवडे पुढे ढकलून 10 जूनला आणला, मासिक वर्गणी ठेवली नाही आणि खासगी सर्व्हर भाड्याने घेण्याची सोय पहिल्यापासून दिली. तो खेळ वाळवंटाचा आहे, काळोख्या शहरांचा नव्हे, आणि किंग्समाउथची कथा पुढे नेणाऱ्या नव्या ऑनलाइन खेळाची वाट पाहणारे अजून वाटच पाहत आहेत.