कमाटीबागेतील पाच तास : संकल्पभूमीची पार्श्वभूमी

मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा मुंबईहून पहिल्यांदाच बडोद्याला आलेला बौद्ध यात्रेकरू स्थानकाबाहेर पडतो आणि बहुधा पायीच कमाटीबागेकडे निघतो, कारण अंतर थोडे आहे. बागेच्या दाराशी तो संकल्पभूमीची, म्हणजे 1917 मध्ये बाबासाहेब आंबेडकर जिथे बसले होते त्या वडाची, वाट मराठीत विचारतो आणि या शहरात त्याला उत्तरही पुष्कळदा मराठीतच मिळते. वडाजवळ पोहोचल्यावर मात्र तो जरा घुटमळतो. बोधगयेत किंवा सारनाथला कुठे वाकायचे, काय म्हणायचे, हे त्याने घरच्या थोरांकडून ऐकलेले असते. येथे ना स्तूप आहे, ना बुद्धांच्या पावलांची आठवण. पारंब्यांना हात लावून, त्रिशरण म्हणून आणि एक छायाचित्र काढून तो निघतो, तेव्हा आपण नेमके कशाचे दर्शन घेतले, हा प्रश्न त्याच्या मनात पुष्कळदा तसाच राहिलेला असतो.

बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या पाली महापरिनिब्बान सुत्तात श्रद्धावान माणसाने पाहावीत अशी चार ठिकाणे सांगितली आहेत आणि त्यांना ‘संवेजनीय’ म्हटले आहे. संवेग म्हणजे नुसता भक्तिभाव नव्हे. मन हादरावे आणि त्या हादऱ्याने जागे व्हावे, असा त्याचा अर्थ आहे. पुढच्या परंपरेने चैत्यांचे तीन प्रकार मानले : शरीरधातूंचे शारीरिक, वापरातल्या वस्तूंचे पारिभोगिक आणि स्मरणार्थ उभारलेले उद्देशिक. बोधिवृक्ष पारिभोगिकात मोडतो. कमाटीबागेतील वडाकडे लोक ज्या भावनेने येतात, ती याच जातीची आहे. तो पूजेतला वृक्ष नाही, एका माणसाला ज्या जागेने सावली दिली तिची तो खूण आहे.

प्राचीन अवशेषच पाहायचे असतील, तर तेही बडोद्याच्या वाट्याला आलेले आहेत. शामळाजीजवळच्या देवनी मोरी येथे 1960 ते 1963 या काळात येथील विद्यापीठाने उत्खनन केले. त्यात मिळालेल्या दगडी करंडकावर दशबलाच्या, म्हणजे बुद्धांच्या, शरीरधातूंचा उल्लेख कोरलेला आहे. त्यावरील ‘कथिक नृपांचे 127 वे वर्ष’ शक संवतातले धरायचे की आणखी कोणत्या, यावर काळ सुमारे पावणेदोनशे वर्षांनी पुढेमागे होतो. तो वाद अभ्यासकांचा आहे. मूळ जागा मेश्वो नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेली, करंडक शहरात आला, तरीही यात्रेकरूंचे पाय आधी बागेकडेच वळतात.

त्याचे कारण गेल्या सव्वाशे वर्षांत आहे. महाराज सयाजीरावांच्या कारकिर्दीत मराठी भाषेत बुद्ध पुन्हा वाचला जाऊ लागला, त्याचा बराच भार या संस्थानाने उचलला. पाली विद्येला वाहून घेतलेल्या एका मराठी पंडिताला महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून दरमहा 50 रुपये लावून दिले. मुंबईच्या एका शिक्षक-ग्रंथकाराने संस्थानच्या ग्रंथमालेसाठी बुद्धचरित्र लिहिले आणि तेच पुस्तक त्याने शाळकरी भीमरावांच्या हाती ठेवले. बुद्धाकडे आपण वळलो ते या पुस्तकापासून, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. वडाखालच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी बडोद्याचा धागा असा जोडला गेला होता. बागेत येणाऱ्यांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि ती सांगितली गेलीच पाहिजे असे मला वाटते.

1913 मध्ये महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. ती पाळण्यासाठी ते 1917 मध्ये बडोद्यास आले. उतरायचे कुठे, हा प्रश्न स्थानकावरच उभा राहिला. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती, म्हणून त्यांनी पारशी पथिकाश्रम गाठला आणि तेथे राहता यावे म्हणून नोंदवहीत पारशी नाव लिहिले. रोजचा दर दीड रुपया होता. माडीवर एक लहानशी खोली, तिला लागून नळ असलेली न्हाणी आणि बाकी सगळा मोठा दिवाणखाना, त्यात फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. विजेचे दिवे नव्हते. रखवालदार संध्याकाळी एक कंदील आणून देई आणि त्याच्या उजेडात ते वाचत बसत. राहण्यासाठी सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे दाद मागितली होती, ती मार्गी लागत नव्हती. राजा उदार होता, यात शंका नाही. पण त्याच्या दरबारात एका उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला डोक्यावर छप्पर मिळवून देणारा एकही माणूस निघाला नाही, हे त्याच उदारतेच्या शेजारी लिहावे लागते.

अकराव्या दिवशी सकाळी जेवण आटोपून ते कचेरीला निघणार, तोच हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे बजावून गेले. शहरातल्या दोन ओळखीच्यांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा विचारून पाहिला. दोघांनीही नाही म्हणण्याची कारणे सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कमाटीबागेत काढायचे त्यांनी ठरवले आणि रात्री आठला पथिकाश्रमातून सामान घेण्यासाठी ते तेथून उठले.

या पाच तासांना ‘संकल्प’ हे नाव कसे मिळाले, हा या जागेच्या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. बाबासाहेबांनी हा प्रसंग सुमारे दोन दशकांनंतर एका आत्मकथनपर टिपणात लिहिला आणि ते टिपण पुस्तिकेच्या रूपाने त्यांच्या पश्चात, 1990 मध्ये, छापले गेले. त्यात दिवस-महिना दिलेला नाही आणि संकल्प हा शब्दही नाही. मन काहीसे सुन्न होते, काहीसे दुःखाने भरलेले होते, आणि निराधार झालेल्या लेकरांना जशी आई-बापांची आठवण यावी तशी ती येत होती, असा त्याचा भाव आहे. वडील चार वर्षांपूर्वीच गेले होते आणि आई लहानपणीच. 23 सप्टेंबर 1917 हा दिवस आणि ‘अस्पृश्यता नष्ट करीन’ हा निर्धार यांची जोड स्मरणपरंपरेने पक्की केली.

म्हणून ती खोटी ठरते, असे मी म्हणत नाही. पुढच्या आयुष्याकडे पाहून लोकांनी मागच्या एका संध्याकाळीत अर्थ वाचला, आणि तीर्थे पुष्कळदा अशीच घडतात. अडचण शब्दाची आहे. मराठी घरात संकल्प म्हटले की एकीकडे पळीभर पाणी सोडून देशकालाचा उच्चार करणारा पूजाविधी आठवतो आणि दुसरीकडे मूठ आवळून घेतलेली शपथ. बागेतल्या त्या एकट्या माणसाचे चित्र या दोन्हींत बसत नाही. अष्टांगिक मार्गातील दुसरे अंग ‘सम्मा संकप्प’ मात्र वेगळे आहे. आसक्तीचा त्याग, अद्वेष आणि अहिंसा यांकडे मनाचा कल हळूहळू वळणे, हा त्याचा अर्थ आहे, आणि त्याला एका क्षणाची किंवा तारखेची गरज लागत नाही. नाव राहणारच असेल, तर ते या अर्थाने राहावे. माझ्या मते या जागेला सुत्तातला ‘संवेजनीय’ हाच शब्द अधिक शोभतो, कारण येथे घडलेले असे जे निश्चित ठाऊक आहे, ते म्हणजे एका माणसाचे हादरणे.

पुढचा क्रम सर्वांना माहीत आहे : 1935 मध्ये येवल्याची घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरची दीक्षा. त्या दीक्षेनंतरच बडोद्यातील ही जागा मागे वळून पाहणाऱ्यांना बौद्ध स्थळ म्हणून दिसू लागली. आता दर 23 सप्टेंबरला वडाखाली मोठी गर्दी जमते. पांढऱ्या साड्यांतल्या बाया नातवंडांना खोडाजवळ उभे करतात आणि बाबासाहेब येथे बसले होते, असे हळू आवाजात सांगतात. 2022 मध्ये स्मारकांविषयी केंद्राला सल्ला देणाऱ्या एका प्राधिकरणाने वडाचा हा परिसर आणि बाबासाहेबांचे नाव जिथे प्रथम दाखल झाले ती साताऱ्याची शाळा, ही दोन्ही ठिकाणे राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके करावीत, अशी शिफारस केली. त्या शिफारशीतही वर्णन निर्धाराचेच आहे. पथिकाश्रमाची माडी, काठ्या आणि नाही म्हणालेले दोन परिचित त्यात येत नाहीत.

पहिल्यांदा येणाऱ्याला शक्य असेल, तर त्याने सकाळच्या घाईत येऊ नये. दुपारी चारच्या सुमारास यावे, बरोबर पाण्याची बाटली आणि ते टिपण ठेवावे. मुलांचे खेळ आटोपून घरोघरची माणसे परतू लागेपर्यंत, विश्वामित्री नदीकडून गार वारा येईपर्यंत बसावे, आणि मग अंधार पडल्यावर मुंबईच्या गाडीसाठी त्याच रस्त्याने स्थानकाकडे चालत जावे.