गोळी घेतली, तरी पोटातला गोळा जाईना

असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून इमर्जन्सी गोळी घेतली की त्या रात्रीपुरता जीव भांड्यात पडतो. खरी धाकधूक सुरू होते ती दोन-तीन आठवड्यांनी, पाळीची तारीख उलटते तेव्हा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. दर तासाला बाथरूमची फेरी, छातीत जरा दुखलं तरी शंका, आणि मोबाइलवर रात्री दोनपर्यंत शोधाशोध. ‘गोळी फेल गेली’ हा निकाल तोवर मनानं देऊनही टाकलेला असतो. पण या गोळीचं कामच असं आहे की ती नीट लागू पडली तरीही पाळी लांबू शकते.

ते कसं, हे कळायला पाळीची तारीख कशावर ठरते ते पाहावं लागतं. आपण मोजतो मागच्या पाळीपासून, शरीर मात्र मोजतं स्त्रीबीज बाहेर पडलं त्या दिवसापासून. बीज सुटल्यावर साधारण 12 ते 14 दिवसांनी पाळी येते आणि हा टप्पा एकाच बाईत फारसा हलत नाही. हलतो तो आधीचा टप्पा, म्हणजे बीज पिकून सुटेपर्यंतचा. बीज उशिरा सुटलं की पाळीही तितकीच मागे सरकते.

इमर्जन्सी गोळी नेमका हाच आधीचा टप्पा पकडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाच्या हार्मोनची लाट येते आणि त्यानंतर सुमारे दीड दिवसानं बीज सुटतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची गोळी ही लाट उठू देत नाही किंवा पुढे ढकलते. एकदा लाट चढायला लागली की मात्र या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ‘जितकी लवकर घ्याल तितकी बरी’ असं सांगतात ते यासाठी. संबंधानंतर 72 तास ही बाहेरची मर्यादा आहे, तोपर्यंत थांबायची मुभा नव्हे. दुसरी गोळी युलिप्रिस्टलची, 30 मिलिग्रॅमची. ती 120 तासांपर्यंत चालते आणि लाट सुरू झाल्यावरही, ती शिगेला पोचेपर्यंत, बीज रोखू शकते.

पण बीज रोखून काय साधतं? शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात आणि सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस. अमेरिकी संशोधक ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवून दिलं की गर्भ राहायची शक्यता असते ती फक्त सहा दिवस: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक. समजा तुमचं पाळीचं चक्र 28 दिवसांचं आहे, संबंध बाराव्या दिवशी आला आणि बीज सुटणार होतं चौदाव्या दिवशी. गोळीनं ते एकोणिसाव्या दिवसावर ढकललं. तोवर शुक्राणूंचे दिवस भरलेले. गर्भ राहिला नाही, पण पाळी आता तेहतिसाव्या दिवशी येणार. मधले पाच दिवस तुमचा जीव टांगणीला, आणि गोळीनं तर आपलं काम चोख केलेलं.

दोन्ही गोळ्या पाळीला सारख्याच वागवतात असं नाही. युलिप्रिस्टलनं पाळी लांबण्याचीच शक्यता जास्त. चाचण्यांमध्ये शंभरातल्या 18-19 जणींची सात दिवसांहून जास्त लांबली होती. लेव्होनॉरजेस्ट्रेलनं ती लांबते तशी अलीकडेही येते, विशेषतः चक्राच्या पहिल्या भागात घेतली असेल तर. हार्मोनचा मोठा डोस अंगात येतो आणि काही दिवसांत ओसरतो. तो ओसरताच गर्भाशयाचं अस्तर थोडंफार सुटतं. हे गोळीनंतरचे डाग पाळी असतातच असं नाही. कित्येक जणी ते पाहून ‘सुटले बाई’ म्हणतात, तर कित्येक जणी त्यानंतर महिनाभर पाळी आली नाही म्हणून घाबरतात. डाग दिसले म्हणून गोळी लागू पडली असं नाही, आणि दिसले नाहीत म्हणून फसली असंही नाही.

‘टेन्शन घेतलंस म्हणून लांबली’ हे वाक्य प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. ते अर्धं खरं. बीज सुटायच्या आधी जबर ताण आला तर मेंदू ते लांबवू शकतो. बीज सुटून गेल्यावर मात्र काळजीनं पाळी आठवडाभर अडून राहत नाही.

मग खात्री कधी करायची? प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी लघवीत एचसीजी नावाचं हार्मोन शोधते. गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच ते पाझरायला लागतं. हिशेब मांडून बघा: शुक्राणूंनी वाट पाहिली फार तर पाच दिवस, रुजायला साधारण सहा ते दहा दिवस, मग एचसीजी पट्टीला कळण्याइतकं चढायला आणखी काही दिवस. बेरीज तीन आठवड्यांच्या आत बसते. म्हणून त्या संबंधानंतर 21 दिवसांनी केलेली टेस्ट निर्णायक मानतात. आठव्या दिवशी केलेली निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही. आणि गोळीत एचसीजी नसतं, त्यामुळे गोळीमुळे टेस्ट चुकत नाही. पाळी ठरल्या तारखेपेक्षा सात दिवसांहून जास्त लांबली, किंवा आली पण नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तरी टेस्ट करावीच.

पट्टीवर लघवीचे थेंब पडले की ओल पुढे सरकत जाते. जाताना एचसीजी असेल तर त्याला चिकटणारे रंगीत कण सोबत घेते. पुढे पट्टीवर ‘टी’ (टेस्ट) लिहिलेल्या जागी हे जोडपं अडकतं आणि तिथे रेघ उमटते. फिकट रेघही रेघच, पण वेळेत उमटलेली. पाकिटावर दिलेली मिनिटं संपल्यावर पट्टी वाळते आणि कधीकधी राखाडी पुसटसा ओरखडा दिसतो. त्याला रेघ समजू नये. तासाभरानं कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून उजेडात तिरकी धरून पाहणं हा मनःस्ताप विकत घेण्याचा हमखास मार्ग.

गोळी खरोखर फसते ती काही ठरावीक कारणांनी. बीज आधीच सुटलेलं असतं. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी होते. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन अशी औषधं चालू असतात. ती हार्मोन झपाट्यानं निकामी करतात. वजन बरंच जास्त असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल कमी पडू शकतं. पण सगळ्यात जास्त गाफीलपणा होतो तो गोळीनंतरच्या संबंधांबाबत. गोळीनं बीज पुढे ढकललंय, रद्द केलेलं नाही. मघाच्या उदाहरणात ते एकोणिसाव्या दिवशी येणार आहे आणि सतराव्या दिवशी तुम्ही निर्धास्त आहात. पुढची पाळी येईपर्यंत काँडोम लागतोच.

21 दिवसांनंतरही टेस्ट निगेटिव्ह आणि पाळीचा पत्ता नाही, तर आठवड्यानं पुन्हा करावी आणि डॉक्टरांना भेटावं. थायरॉइड, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित करणारा विकार) अशी वेगळी कारणं निघतात. पॉझिटिव्ह आली तर लेव्होनॉरजेस्ट्रेलनं गर्भाला इजा होते असं आढळलेलं नाही, त्या भीतीपोटी घाईनं काही ठरवू नये. मात्र ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल तर टेस्टचीही वाट न पाहता दवाखाना गाठावा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजल्याची ती खूण असू शकते. तिथे पहिला प्रश्न तारखांचाच येईल: शेवटची पाळी, संबंध, गोळी. तेवढ्या तीन तारखा गोळी घेतली त्याच दिवशी कुठेतरी टिपून ठेवलेल्या बऱ्या.