इलेक्ट्रॉन किरणोपचार

कातडीवरच्या किंवा कातडीखाली काही सेंटीमीटरांच्या आत असलेल्या गाठींवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून केला जाणारा उपचार. तो मुख्यतः कर्करोगासाठी वापरतात. किरणोपचारात सर्वाधिक वापर क्ष-किरणांचा होतो. ते शरीरात शिरतात आणि वाटेत थोडीथोडी ऊर्जा सांडत पलीकडून बाहेर पडतात. इलेक्ट्रॉन तसा आरपार जात नाही. विद्युतभारित आणि अतिशय हलका असल्यामुळे तो वाटेतल्या रेणूंना पावलोपावली अडखळतो, दर सेंटीमीटरला सुमारे २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा गमावतो आणि ठरावीक खोलीवर थांबतो. या उपचाराचे सारे मोल त्याच्या थांबण्यात आहे.

रुग्ण किरणोपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. शब्द रुळले आहेत, पण ‘शेक’ म्हटले की भाजण्याची धास्ती बसते आणि ती अनाठायी आहे. उपचार चालू असताना ऊब लागत नाही, चटका बसत नाही. किरणांमुळे पेशींमधील डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी ही तूट बऱ्यापैकी सांधतात, कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही. म्हणूनच सगळी मात्रा एकदम न देता अनेक दिवसांमध्ये वाटून देतात. मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात.

झोत किती खोल जाईल हे त्याच्या ऊर्जेवर ठरते. बहुतेक यंत्रांत ही ऊर्जा ६ ते २० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास निवडता येते. ढोबळ हिशेब तोंडपाठ व्हावा इतका सोपा आहे : ऊर्जेच्या आकड्याला ३ ने भागून येणाऱ्या सेंटीमीटरपर्यंत कमाल मात्रेच्या सुमारे ८० टक्के मात्रा पोचते आणि २ ने भागून येणाऱ्या खोलीवर झोत जवळजवळ संपतो. म्हणजे ९ ची ऊर्जा ३ सेंटीमीटरपर्यंत काम करते आणि साडेचारच्या पुढे जात नाही. स्तन काढल्यानंतर छातीच्या भिंतीवर उपचार करताना मागचे फुप्फुस वाचते ते यामुळेच. ऊर्जा वाढवत नेली की मात्रा उतरण्याची कडा बोथट होत जाते, त्यामुळे खोलवरच्या गाठींसाठी हा उपचार उपयोगाचा नाही. नाक, कान, ओठ, पापणी यांवरचे त्वचेचे कर्करोग, वरवरच्या लसिका ग्रंथी, स्तनातून गाठ काढल्यावर तिच्या जागेवर दिलेली जादा मात्रा आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उगवू पाहणारे केलॉइडचे, म्हणजे जाड फुगीर वाढणारे, वण ही त्याची नेहमीची कामे.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड कर्स्ट यांनी १९४० मध्ये बीटाट्रॉन हे इलेक्ट्रॉनांना वेग देणारे यंत्र बनवले आणि त्यातून उपचारांना पुरेशा ऊर्जेचे इलेक्ट्रॉन मिळू लागले. पुढे रेखीय त्वरकाने, म्हणजे लिनॅकने, त्याची जागा घेतली. लिनॅकमध्ये वेग दिलेले इलेक्ट्रॉन एरवी धातूच्या लक्ष्यावर आदळवून क्ष-किरण तयार करतात. इलेक्ट्रॉन उपचाराच्या वेळी ते लक्ष्य बाजूला सरकते आणि पेन्सिलीएवढा बारीक झोत पातळ पत्र्यातून नेऊन पसरवला जातो. क्ष-किरणांसाठी झोत कितीतरी पट तीव्र ठेवावा लागतो, तेव्हा या दोन अवस्थांची गल्लत जिवावर बेतू शकते. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या यंत्राच्या सॉफ्टवेअरमधील चुकांमुळे अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना भयंकर अतिमात्रा मिळाली, त्यांपैकी काही दगावले. संगणकाच्या आज्ञावलीवर विसंबून प्रत्यक्ष यांत्रिक अडसर गाळणे किती महागात पडते, हे वैद्यकाने तिथे शिकून घेतले. आजच्या यंत्रांत एकमेकांवर अवलंबून नसलेले अनेक अडसर असतात.

या उपचारात कारागिरीचा भाग मोठा आहे आणि तो रुग्णाला पहिल्याच भेटीत दिसतो. डॉक्टर गाठीला बोटाने चाचपतात, पेनने तिची कड आखतात आणि भोवती मोकळी जागा सोडून दुसरी रेघ ओढतात. खोली समजण्यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात. त्या रेघेबरहुकूम, सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा ओततात. त्यात गाठीच्या आकाराचे भोक असते. इतर भाग झाकायला शिसेही चालते, आणि ते किती जाड हवे याचा नियमही सुटसुटीत आहे : ऊर्जेच्या आकड्याच्या निम्मे मिलिमीटर. ओठावर उपचार असेल तर हिरड्या-दात वाचवण्यासाठी ओठामागे शिशाची पट्टी ठेवतात आणि तिला मेणाचा लेप देतात, कारण शिशावरून उलट फिरलेले इलेक्ट्रॉन ओठाच्या आतल्या बाजूला इजा करतात. पापणीसाठी आधी डोळा बधिर करणारे थेंब घालून पापणीखाली लहानशी धातूची वाटी सरकवतात. हे ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण थेंबांमुळे दुखत नाही.

प्रत्यक्ष उपचाराच्या दिवशी सगळा वेळ नीट झोपवण्यात जातो. यंत्राच्या तोंडाला चौकोनी नळकांडे लावतात, ते कातडीच्या अगदी जवळ, बहुधा ५ सेंटीमीटरवर येऊन थांबते. काहींच्या कातडीवर जेलीसारखी मऊ चकती ठेवतात. कमी ऊर्जेच्या झोताची पूर्ण मात्रा कातडीच्या थोडी आत जमते. चकती मध्ये आली की ही मात्रा वर, थेट कातडीवर येते. मग तंत्रज्ञ बाहेर जातात, जाड दार लागते. खोलीत रुग्ण एकटा असला तरी कॅमेऱ्यातून तो सतत दिसत असतो आणि त्याचे बोलणे बाहेर ऐकू जाते. यंत्र गुणगुणते, एकदोन मिनिटांत थांबते. काही जणांना ओझोनसारखा उग्र वास येतो. डोळ्याजवळ उपचार असेल तर मिटल्या डोळ्यांपुढे निळसर प्रकाश चमकू शकतो. तो भास नसतो. डोळ्यातून जाणारे वेगवान कण तिथे खरोखरच प्रकाश निर्माण करतात. उपचारानंतर अंगात किरणोत्सर्ग उरत नाही, तेव्हा घरी लहान मुलाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. मात्र पेसमेकर असेल किंवा गर्भारपणाची शक्यता असेल तर ते आधीच सांगायला हवे.

खरा त्रास कातडीला होतो, आणि तो लगेच होत नाही. दोनतीन आठवड्यांनी जागा लाल होते, खाजते, पुढे काळवंडते किंवा सोलपटते. मात्रा जास्त असेल तर ओली होऊन लस येते. उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे हे वाढत राहते. शेवटचा दिवस पार पडला तरी जखम चिघळतेय म्हणून माणसे घाबरतात. हे आधी कुणी समजावून सांगितले तर ती घालमेल वाचते. बहुतेकांची कातडी महिनाभरात भरून येते. तोवर कोमट पाणी, सौम्य साबण, न घासता टिपून कोरडे करणे, सैल सुती कपडे, उन्हापासून आडोसा आणि विचारल्याशिवाय कोणतेही मलम नाही, एवढे पथ्य पाळावे. ताप आला किंवा स्रावाला दुर्गंधी येऊ लागली तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावे. केस जातात ते फक्त झोताखालच्या जागेचे. छातीवर उपचार घेणाऱ्याच्या डोक्याचे केस जात नाहीत. पुढे काही महिन्यांनी वा वर्षांनी त्या जागी रंग बदलणे, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसणे किंवा कातडी घट्ट होणे संभवते.

मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लसिकार्बुदात (लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग) रोग अंगभर पसरू शकतो. तेव्हा रुग्णाला यंत्रापासून काही मीटर दूर, हात वर धरून, ठरावीक सहा पवित्र्यांत उभे करतात आणि साऱ्या अंगाला मात्रा देतात. अशक्त माणसाला हे उभे राहणेच जड जाते. या पद्धतीत डोक्याचे केस आणि नखेही तात्पुरती जाऊ शकतात, घाम कमी येतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच उघड्या जखमेत एकदाच मोठी मात्रा देण्याची पद्धतही आहे.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे २०१८ मध्ये त्वचेच्या लसिकार्बुदाच्या एका रुग्णाला १५ ग्रे मात्रा अवघ्या ९० मिलिसेकंदांत दिली गेली. इतक्या झटपट दिलेल्या मात्रेने निरोगी ऊतींची हानी कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले होते. फ्लॅश नावाची ही पद्धत अजून प्रयोगावस्थेत आहे. खोल गाठींपर्यंत पोचण्यासाठी १०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या झोतांवरही संशोधन चालू आहे. एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन मात्र शरीरात थांबत नाही, क्ष-किरणांसारखाच पलीकडे जातो, आणि त्याला पुन्हा अनेक बाजूंनी नेम धरून सोडावे लागते.