गेमवरची कादंबरी म्हणजे गेमचीच गोष्ट?

बेळगावात, टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत, गेम खेळणाऱ्या पोरांत एक समज पक्का बसलाय: गेमच्या नावाची कादंबरी म्हणजे खेळून झालेलीच गोष्ट, फक्त छापलेली. मग पैसे कशाला घालवायचे? काही पुस्तकं तशी असतात, नाही म्हणत नाही. पण सरसकट हे खोटं आहे.

सगळ्यात मोठा घोळ ‘द विचर’चा. पहिला गेम आला 2007 मध्ये. आंद्रेय सापकोव्स्की या लेखकाची, गेमचा नायक गेराल्ट याची पहिली कथा मात्र 1986 सालीच एका पोलिश मासिकात छापून आली होती, आणि कादंबऱ्यांची मुख्य मालिका 1999 मध्ये संपलीही होती. गेमची गोष्ट त्यानंतरची. म्हणजे इथं गेमच पुस्तकांवर उभा आहे. काही आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर गेममधलं चित्र असतं, त्यामुळे बघणाऱ्याला उलटंच वाटतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमच्या कादंबऱ्या खरोखर गेमच्या जगातल्या. तरी ड्रिझ्ट हा सगळ्यांचा लाडका काळा एल्फ जन्मला कादंबरीत, आर. ए. साल्वातोरे यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’मध्ये (1988). त्याच जगातल्या ‘बाल्डर्स गेट’ या व्हिडिओ गेममध्ये तो भेटतो 1998 मध्ये.

सुपरहिरोंचं म्हणाल, तर 2018 च्या स्पायडर-मॅन गेमसोबत आलेली कादंबरी गेमच्या आधीची हकीकत सांगते. गेममध्ये किंगपिन हा खलनायक सुरुवातीलाच गजाआड जातो. त्याचे डावपेच बघायचे तर पुस्तकच उघडावं लागतं. ते न वाचताही गेम कळतो, हेही खरं.

पुस्तक विकत घेण्याआधी आतल्या पानावरचं प्रथम प्रकाशनाचं साल तेवढं बघा.