पॉइंट फोर की चार?

पीआयसीयूच्या, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागाच्या, कोपऱ्यातल्या बेडवर प्लॅस्टिकचं बाळ झोपवलंय. वजन चार किलो धरायचं. मॉनिटरवरचे ठोके भराभर उतरतात. ऐंशी, सत्तर, साठच्या खाली. तान्ह्या बाळाचं हृदय पूर्ण थांबायची वाट बघत नाहीत. श्वास देऊनही ठोके साठच्या खाली राहिले आणि अंगात रक्त नीट खेळत नसेल, तर छाती दाबायला सुरुवात. एक सिस्टर दोन्ही अंगठ्यांनी दाबू लागते, रेसिडेंट डॉक्टर ॲम्ब्यू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, धरतो. पंधरा दाब, दोन श्वास. "ॲड्रेनलीन द्या!" कोणीतरी ओरडतं. कोणी द्यायचं, किती द्यायचं, पत्ता नाही. दोघीजणी एकदम ट्रॉलीकडे धावतात.

ही रंगीत तालीम आहे, आणि ती अशीच फसावी यासाठीच घेतलेली आहे.

हृदय पुन्हा चालू व्हावं म्हणून द्यायच्या त्या औषधाकडे, ॲड्रेनलीनकडे, जरा जवळून बघू. आपल्याकडे साधारणपणे १ मिलीच्या ॲम्प्युलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, ते १ मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाचं हृदय थांबलं तर अख्खं ॲम्प्युल द्यायचं, हिशेब संपला. मुलांसाठी मात्र त्यात ९ मिली सलाईन घालून ते दहापट पातळ करायचं, मग किलोमागे ०.१ मिली. चार किलोच्या बाळाला ०.४ मिली. पातळ करायचं राहिलं किंवा टिंब सरकलं, तर डोस थेट दहापट. श्वासनळीत घालायच्या ट्यूबचा आकार, हृदयाला द्यायच्या विजेच्या शॉकचे ज्यूल, म्हणजे त्याची ताकद, सगळंच वयावर नाहीतर वजनावर. आणि हे गणित हात थरथरत असताना करायचं असतं.

तालमीच्या दुसऱ्या फेरीत टीमचा लीडर बेडच्या पायथ्याशी उभा राहतो, कशालाच हात लावत नाही. "सिस्टर, ॲड्रेनलीन, डायल्यूट केलेलं, पॉइंट फोर एमएल." ती शब्दन् शब्द परत म्हणते, सिरिंज दाखवते, "दिलं" म्हणते, तिसरी व्यक्ती वेळ टिपते. तिसऱ्या फेरीत लीडर मुद्दाम "चार एमएल" म्हणतो. क्षणभर शांतता. मग सगळ्यांत नवी सिस्टर विचारते, "सर, पॉइंट फोर की चार?"

माझ्या मते अख्ख्या तालमीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हा प्रश्न आहे. छाती किती खोल दाबायची, हे एकट्यालाही बाहुलीवर शिकता येतं. वरिष्ठांना भरल्या खोलीत टोकणं एकट्याने शिकता येत नाही.

विमानवाल्यांनी हा धडा फार महाग घेतला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती; कॅप्टनने ती उडवून लावली. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात एकमेकांशी बोलण्याचाही सराव आला. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी तो ऑपरेशन थिएटरमध्ये आणला, तिथून तो मुलांच्या अतिदक्षता विभागापर्यंत पोचला.

उपयोग होतो का? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या बालरुग्णालयात अशा अचानक तालमी वाढवत नेल्या, तसं हृदय थांबलेल्या मुलांचं वाचण्याचं प्रमाण वाढून सुमारे ५० टक्क्यांवर गेलं. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. सगळं श्रेय तालमींचंच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण दोन्ही आकडे बरोबरीने चढत गेले, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

यासाठी लाखांची बाहुली लागतेच असंही नाही. पाणी भरून खऱ्या बाळाच्या वजनाची करता येणारी, फुगवायची साधी बाहुली नवजात बाळांना श्वास देण्याच्या प्रशिक्षणात वापरली जाते. खरी गरज वेळेची आहे, विशेषतः नंतरच्या चर्चेसाठी. दहा मिनिटांची तालीम, तर चर्चा वीस मिनिटांची. "तुझं चुकलं" असं तिथे म्हणायचं नाही. "त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" असं विचारायचं. मग एकजण सांगते, ट्रॉलीत तान्ह्या बाळाचा मास्क सापडलाच नाही. दुसरी म्हणते, ॲम्प्युल फोडलं, पण सलाईन दुसऱ्या खणात होतं.

त्याच दुपारी मास्क येतो. सलाईन ॲड्रेनलीनच्या शेजारच्या खणात जातं. आणि प्रत्येक बेडच्या डोक्याशी एक कागद लागतो: बाळाचं वजन, आणि त्याखाली मिलीमध्ये आधीच काढून ठेवलेले डोस.