एकजूट आणि ताळमेळ: मैदानावरून नोकरीत नेमकं काय येतं?

'शाळेत कबड्डी खेळायचो, त्यामुळे टीमवर्क येतं,' असं मुलाखतीला आलेली मुलं हमखास सांगतात. ती खोटं बोलत नसतात, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते.

एकजूट म्हणजे आपल्या माणसांसाठी जीव तोडून झटणं. समोर प्रतिस्पर्धी उभा राहिला की ती एका सामन्यातही येते. ऑफिसच्या सहलीत क्रिकेट खेळताना येते ती हीच, आणि सामना संपला की बरीचशी ओसरते.

ताळमेळ खो-खोत बघावा. मधल्या पट्टीवर 8 जण आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. धावणारा पलीकडे निसटला, की बसलेल्याच्या पाठीला मागून हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी स्वतः बसायचं. बसलेला खो मिळण्याआधी उठला तर फाउल. गडी हाताशी आलेला असताना खाली बसणं फार जड जातं. मला ते जमायला दोन हंगाम लागले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. सगळे सूर मारणारे बघत होते, मी खो देऊन बसणारे बघत होते.

नोकरीत लागतं ते हे. रात्रपाळीची नर्स निघताना सकाळच्या नर्सला सांगते: 'चार नंबरच्या आजींना पहाटे ताप होता, गोळी दिलीय, रक्ताचा रिपोर्ट यायचाय.' योग्य माणसाला, वेळेवर, ऐकू जाईल असा दिलेला हा खो. तो दिला नाही, की मराठीत ज्याला कामात 'खो घालणं' म्हणतात ते आपोआप होतं.

पण खेळला म्हणून हे येईलच असं नाही. मैदानावर रेषा फक्कीने आखलेल्या असतात. ऑफिसात आपलं काम कुठे संपतं हे बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय 'खो द्यायला उशीर का केलास?' असं सामन्यानंतर विचारणारे सर भेटले, तरच मुलाला आपण काय शिकलो ते कळतं. नाहीतर पदक आणि दोस्ती मिळते. तीही मोलाची आहे, पण ती एकजूट.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी 'कोणता खेळ खेळलास?' एवढ्यावर थांबू नये. 'गडी हाताशी असताना खो देऊन बसलास, असं कधी झालं? तेव्हा काय दिसलं होतं तुला?' असं विचारावं. खेळलेला मुलगा त्यावर पाच मिनिटं बोलेल.